एकशेऐंशीची डबी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुठला अर्ज लिहायचा असला की घरचे सगळे माझ्याकडे बघतात, आणि मीही सगळं येत असल्यासारखं पेन काढतो. पण अर्ज लिहिणं वेगळं आणि माणसाविषयी लिहिणं वेगळं. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांच्या आईचं नावसुद्धा मला अगदी परवापर्यंत माहीत नव्हतं. ते माहीत नसल्यामुळे काय अडलं, ते पुढे येईलच. असल्या माणसाने लिहायला बसणं हे जरा जास्तच झालं, हे कबूल. सांभाळून घ्या.

डबी काट्यावर ठेवायची, आकडा पाचशेवर येऊन थांबायचा, आणि मग ज्यांच्याविषयी हे लिहितोय त्या ताई दोन-तीन मण्यांचा एक झुपका तळहातावर तोलून बघायच्या आणि हलकेच वर टेकवायच्या. शेजारी नवी बाई बसलेली असली तर तिला सांगायच्या, "थोडं जास्त भर. वाटेत सुकतं."

तुमच्यापैकी जे पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे आहेत त्यांना द्राक्षाचं पॅकहाउस सांगायला नको. इतरांसाठी थोडं सांगतो. परदेशात जाणारी द्राक्षं आमच्याकडे एका थंडगार शेडमध्ये डब्यांत भरली जातात. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाया, डोक्यावर जाळीची टोपी आणि हातात बारीक टोकाची कात्री. खराब मणी कापून काढायचा, घड नीट करायचा आणि पाचशे ग्रॅमच्या डबीत बसवायचा. डबी पाचशेची असली तरी कुणी बरोब्बर पाचशे भरत नाही. जहाजाचा प्रवास लांबचा असतो, तेवढ्यात द्राक्षातलं पाणी कमी होतं, आणि तिकडे वजन कमी भरलं तर माल नाकारतात. म्हणून प्रत्येक डबीत थोडं वरचं घालायचं असतं.

माझे वडील टेम्पो चालवतात. हंगामात बायांना सकाळी पॅकहाउसला सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे त्यांचं काम. मी तेव्हा नाशिकला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. सकाळचं कॉलेज करून दुपारी एसटीने पिंपळगावला यायचो आणि पॅकहाउसमध्ये डब्यांवर लेबलं लावायला बसायचो. परतताना त्याच टेम्पोत, त्याच बायांबरोबर.

एक दिवस लेबलं लावताना समोरून ताईंचा आवाज आला.

"भाऊ, तू सायन्सचा ना?"

"हो."

"मंग भूमिती येत असंल."

"येते थोडीफार."

"थोडीफार म्हंजी काय? येती का नाय येत?"

मी गडबडलो. कॉलेजमध्ये मला असं कुणी विचारत नव्हतं. तिथे मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो आणि येत असलेलं उत्तरही वहीतच ठेवायचो. ताईंकडे बघून म्हटलं, "येते."

"मंग झालं. मला दहावी करायचीय. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय."

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. ताईंचं वय तेव्हा चाळिशीच्या जवळपास असावं. नववीनंतर शाळा सुटलेली. मराठी, इतिहास, विज्ञान त्या एकट्याच करत होत्या. इंग्रजीचंही कसंबसं चाललं होतं. गणिताला मात्र माणूस पाहिजे होता. त्यातही कोन. आकृतीत दोन कोन दिलेले असतात, तिसरा काढायचा असतो, तसली गणितं.

"बाकी समदं पाठ करीन," त्या म्हणाल्या, "कोन पाठ होत नाय. दर टायमाला दुसराच असतो."

त्यांना दहावी कशाला पाहिजे होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मुकादम मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे बायांची टोळी जमवून कामावर आणणाऱ्या. बोलायला मोकळ्या आणि आवाज असा की टेम्पोच्या इंजिनावरून ऐकू यावा. पण हे सांगताना त्यांनी आवाज उतरवला.

आदल्या हंगामात ताई टेबलावर बसलेल्या नव्हत्या. पांढरा कोट घालून उभ्या होत्या. भरलेल्या डब्यांतली डबी उघडून मण्यांचा आकार, रंग, गोडी तपासायची. या कामाला आमच्याकडे क्यूसी म्हणतात. पॅकहाउसच्या मालकाने, शेठनेच, त्यांना ते काम दिलं होतं. मग परदेशी खरेदीदारांचा माणूस तपासणीला आला आणि त्याने क्यूसी करणाऱ्यांच्या शिक्षणाचे कागद मागितले. निदान दहावी हवी. शेठ म्हणाला, तुमच्या कामात काही खोट नाही ताई, पण कागद लागतो.

"कोट तिथंच काढून द्यावा लागला," मावशी म्हणाल्या. "वरचं बटण अडकलं. निघता निघंना. समद्या टेबलासमोर. मला वाटलं आता रडती. नाय रडली. बसली अन् कात्री उचलली."

त्यांच्या जागी आलेली मुलगी बारावी झालेली होती. कोट तोच. तिला तो खांद्यावर ढगळ व्हायचा आणि बाह्या तिला दुमडून घ्याव्या लागायच्या. मी एकदा ताईंना हळूच विचारलं, तुम्हाला परत क्यूसीच व्हायचंय का. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "तो कोट माझ्या मापाचा हाय."

आमचा वर्ग टेम्पोत भरायचा. खोक्यांचे फाटलेले पुठ्ठे ताई पिशवीत घालून आणायच्या आणि मी त्यावर मार्करने आकृत्या काढायचो. हायवेवर टेम्पो हलायचा, त्यामुळे माझी एकही रेघ सरळ यायची नाही. टेबलावरच्या बाया मला 'मास्तर' म्हणायला लागल्या, आणि ते कौतुकाने नव्हतं.

"मास्तर, तुमचा तिरकोण पडला बगा."

"पडू दे गं. जवान हाय, उठंल."

पहिल्याच आठवड्यात ताई पुस्तक उघडून समोर आल्या. क्रेटमध्ये सडका माल निघाल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा तसाच झाला होता.

"हे पुस्तक खोटंय."

"का?"

"इथं लिव्हलंय साठ. म्या मोजला. अठ्ठावन्न भरतो." कोनमापक आकृतीवर ठेवून त्यांनी दाखवलंही. खरंच अठ्ठावन्न होता.

मी सांगितलं, पुस्तकातली आकृती कच्ची असते. ती मोजायची नसते. जे दिलेलं आहे तेच खरं धरायचं आणि उरलेलं त्यावरून काढायचं.

"मंग आकृती काढलीच कशाला?"

मला उत्तर देता येईना. माझं नेहमी असंच होतं. सरांनी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला एसटीत बसल्यावर सुचतं. या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी, टेम्पो टोलनाक्याच्या अलीकडे आल्यावर सुचलं.

"ताई, लग्नपत्रिकेच्या मागे हॉलचा नकाशा असतो ना, तो पट्टीने मोजून कुणी जातं का? पंपानंतर डावीकडे वळायचं, एवढं कळायला तो असतो."

त्यांनी आकृतीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "असं सांगावं ना पहिलंच." कोनमापक पिशवीच्या तळाशी गेला.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी, हे त्यांना पाठ होतं. पण ते का, ते मी पुठ्ठ्याच्या त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. तिन्ही मिळून सरळ रेघ झाली. त्यांनी ते कोपरे उचलले, दुसरा त्रिकोण फाडला, मग तिसरा, मुद्दाम लांबोडका. प्रत्येक वेळी सरळ रेघ. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजी डबी!"

"काय?"

"एकशेऐंशीची डबी. एवढं हाय, एवढं हाय, उरलेलं भरायचं. एवढंच ना?"

खरंच एवढंच होतं. चौकोनाच्या कर्णावर मी कात्री चालवली तर माझ्या आधी त्याच बोलल्या, "दोन डब्या. तीनशेसाठ." मला फार बरं वाटलं. शिकवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि ते तितकं सोपं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी गणित घातलं. एक कोन पन्नास, दुसरा साठ, तिसरा किती? त्या म्हणाल्या, बहात्तर. मी म्हटलं, परत बघा. त्यांनी परत बघितलं आणि परत बहात्तर सांगितलं. दुसरं गणित घातलं, नव्वद आणि पस्तीस. उत्तर आलं सत्तावन्न. चाळीस आणि ऐंशी दिले तर बासष्ट. मला वाटलं वजाबाकी कच्ची आहे, म्हणून नुसत्या वजाबाक्या घातल्या, तर त्या माझ्याआधी करून मोकळ्या. कोन आला की मात्र दोन वाढायचे.

शेवटी विचारलं, "ताई, हे वरचे दोन कुठून येतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न मीच चुकीचा विचारला असावा. "वाटेत सुकत नाय का?"

 मग मुकादम मावशींना हसू फुटलं आणि त्यांच्या मागून सगळा टेम्पो. केबिनमधून वडील ओरडले, "काय झालं रे?" कुणीतरी त्यांना सांगितलं. वडील म्हणाले, "बरोबर आहे की. एक्स्पोर्टचा त्रिकोण दिसतोय."

ताई हसल्या नाहीत. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. इतके हंगाम त्यांच्या हाताने एकही डबी काट्यावर, म्हणजे बरोब्बर पाचशे, भरली नव्हती. त्यांच्या लेखी नुसतं पुरेपूर भरणं म्हणजे कमी भरणं होतं. त्या फसवत नव्हत्या, विसरत नव्हत्या. उलट जास्त जबाबदारीने उत्तर काढत होत्या.

"ताई, त्रिकोण कुठे जात नाही," मी म्हटलं. "तो सुकत नाही."

"कवाच नाय?"

"कधीच नाही."

"उन्हात ठेवला तरी?"

"उन्हात ठेवा, जहाजात घाला. एकशेऐंशीच."

त्यांनी पुठ्ठ्याचा तो त्रिकोण हातात घेतला, थोडा लांब धरून बघितला. "अशी बी एक वस्तू हाय म्हणायची," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून टेबलावर त्यांचं नाव 'एकशेऐंशी' पडलं. "एकशेऐंशी, तो क्रेट सरकव गं." त्यांना राग नव्हता. पण सवय मोडायला वेळ लागला. उत्तर सांगताना त्यांचा तळहात आपोआप वर यायचा, झुपका तोलल्यासारखा, आणि मग त्या तो मुद्दाम मांडीवर दाबून धरायच्या. बरोबर आलं की ओरडायच्या, "सत्तर शे!" एरवी त्या आमच्यासारख्याच 'हाय' म्हणायच्या. माहेर बागलाणातलं असल्यामुळे फार आनंद झाला की तोंडात अहिराणी यायची आणि 'हाय'चं 'शे' व्हायचं. बाकीच्या बाया लगेच चिडवायच्या, "शे का? बरं शे!"

एक्सने फार छळलं. त्रिकोणाचे कोन एक्स, दोन एक्स आणि तीन एक्स, असं गणित आलं की त्या पुस्तक मिटायच्या. "आधी कोण ते सांग, मंग काढते." हे उत्तर मात्र मला वेळेवर सुचलं. म्हटलं, "एसटीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो ना? एक्स म्हणजे रुमाल. तिथे कुणीतरी बसणार आहे, एवढंच आत्ता माहीत आहे. इथे सहा रुमाल आहेत आणि सगळ्यांना मिळून एकशेऐंशी जागा आहे."

त्या बोटांवर काहीतरी करत राहिल्या. गाव जवळ आलं. उतरायच्या आधी म्हणाल्या, "एका रुमालाला तीस." आणि खाली उतरल्यावर मागे वळून, "तीस, साठ, नव्वद शे!" रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

ती क्यूसीची मुलगी वाईट नव्हती. चहाच्या सुट्टीत ती ताईंना गणितं घालायची. एकदा म्हणाली, "काकू, तुम्ही पास झालात तर माझं काय?" ती हसत होती, पण प्रश्न खरा होता. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तू बारावी झालीस. तू पुढं जायचं. मागं कशाला बघती?"  मुलीने दुमडलेली बाही उलगडली आणि परत दुमडली.

मार्च जवळ आला तसा ताईंनी पेपराचा बेत ठरवला. पास व्हायला गणितात पस्तीस लागतात. कोनाचं कुठलंही गणित सोडायचं नाही. त्यात थोडा आलेख, थोडी सोपी समीकरणं. एवढं धरलं की बरोबर पस्तीस होतात. बाकीच्याला हात लावायचा नाही.

"काट्यावर," त्या अभिमानाने म्हणाल्या. "आता शिकले मी काट्यावर भरायचं."

मलाही ते पटलं. सूत्र समजलं की माणूस ते सगळीकडे लावून बघतो, तसं काहीसं ते होतं.

भूमितीचा पेपर नेमका कंटेनर भरायच्या आठवड्यात आला. हंगामातले सगळ्यात धावपळीचे दिवस. शेठ दुपारी टेबलापाशी उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "या आठवड्यात सुट्टी नाही. जी येणार नाही, तिची जागा मी दुसरीला देणार."

ताईंनी कात्री खाली ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"शेठ, परवा अकरा ते एक मी नाय. सकाळी येईन, दुपारी येईन. मधी पेपर हाय."

"ताई, मी आत्ताच काय म्हणालो?"

"ऐकलं. जागा दुसरीला दिली तर दिली. पेपर दुसरीला देता येत नाय."

टेबलावरच्या कात्र्या थांबल्या होत्या. मी लेबल हातात धरून तसाच उभा होतो. कोटाची आशा आणि हातातली जागा, दोन्ही एकदम जाऊ शकतात, हे त्यांना कळत नसेल असं मुळीच नव्हतं. शेठने मुकादम मावशींकडे बघितलं. मावशींनी त्याच वेळी एक मणी फार निरखून बघायला घेतला होता.

"दीड वाजता टेबलावर पाहिजे," शेठ म्हणाला आणि निघून गेला.

पेपराच्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. वडील स्वतःहून म्हणाले होते, "मी सोडतो आणि घेऊन येतो. चालत गेली तर दीडला पोचायची नाही." ताई साडेदहापर्यंत टेबलावर होत्या. उठल्या, टोपी काढून पिशवीत टाकली, हात धुतले आणि टेम्पोत बसल्या. टोपीच्या इलॅस्टिकची लाल रेघ कपाळावर तशीच उमटलेली होती.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर शिपायाने त्यांना अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

ताईंनी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "पालक तिकडं टेम्पोत बसलाय," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या आणि पोरांच्या घोळक्यातून आत गेल्या.

एकला बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. टेम्पोत बसून त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाल्या, "चौकोन आला होता. एकशेदहा, ऐंशी अन् पंच्याण्णव. चौथा काढायचा."

मी मनात बेरीज करत होतो तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "पंच्याहत्तर शे."

"वरचं काही घातलं नाही ना?"

"काट्यावर," त्या म्हणाल्या. "हात मांडीवर दाबून धरला व्हता."

दीडला पाच कमी असताना त्या टेबलावर होत्या. जागा तशीच होती. त्यांची कात्रीही जिथे ठेवली होती तिथेच.

एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि बाया पांगल्या. ताई दिराच्या कांद्याच्या कामाला देवळ्याकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "निकाल तूच बघ भाऊ. मला बघवायचा नाय." हॉल तिकिटावरचा नंबर मी फोनमध्ये घेऊन ठेवला. त्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा फोन, तोही नंबर घेतला.

निकालाच्या दिवशी मी सायबर कॅफेत जाऊन बसलो. फोनवर साईट उघडत नाही म्हणून. नंबर टाकला. खाली दुसरा रकाना होता: आईचे नाव.

तुम्ही दहावीचा निकाल कधी बघितला असेल तर तुम्हाला माहीत असेल. नंबर आणि आईचं नाव, दोन्ही लागतं. मी इतका हंगाम त्यांच्याशी बोललो होतो. त्यांच्या माहेरचं गाव माहीत होतं, शाळा कितवीत सुटली ते माहीत होतं, एक्सवर त्या का चिडतात ते माहीत होतं. आईचं नाव कधी निघालंच नव्हतं. नवऱ्याचा फोन लावला तर बंद, आणि पुढेही तो कधी लागला नाही. मुकादम मावशींना लावला.

"सासूचं सांगते, नवऱ्याचं सांगते," मावशी म्हणाल्या. "आईचं कोण इचारतं रे?"

मी लक्ष्मी टाकून बघितलं. पार्वती टाकलं, अनुसया टाकलं. माहिती जुळत नाही, असं दरवेळी येत राहिलं. मागे मुलं थांबली होती. मी उठलो. एखाद्या आकृतीत एकच कोन दिलेला असावा आणि दोन काढायला सांगितले असावेत, तसं झालं. कितीही हुशार माणूस बसवला तरी ते सुटत नाही.

मग मी दुसऱ्या वर्षाला गेलो. वर्गात एकदा सरांनी फळ्यावर आकृती काढली तेव्हा हात वर करून विचारलं, सर, ही आकृती मोजून बरोबर आहे का कच्ची आहे? पोरं हसली. सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे. इतकंच. पण तो प्रश्न कुणाचा होता, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

जानेवारीत पुन्हा टेम्पो सुरू झाला. पहिल्या दिवशी कॉलेज सोडून मी सकाळीच मागे चढलो आणि बाया मोजल्यासारखा बघत गेलो. कडेच्या फळीजवळची ताईंची जागा रिकामी नव्हती. तिथे एक नवी बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. मुकादम मावशी सगळ्यात शेवटी चढल्या. धापा टाकत बसल्या आणि मला बघून म्हणाल्या, "मास्तर, तुझा निरोप हाय माझ्याकडं. देवळ्याला लग्नात भेटली ती."

मी सरकून त्यांच्या समोर बसलो. 

"मार्चात गेली रे. बाकी समद्यात पास, गणितात गेली, कागद हातात आला तवाच कळलं तिला. तेहतीस." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "कोन समदे बरोबर. त्या बाकीच्यात दोन कुठंतरी गळाले."

टेम्पो सुरू झाला. पस्तीस बरोबर भरले होते, काट्यावर. मला तो मांडीवर दाबून धरलेला हात आठवला.

"मग?"

"मंग काय? जुलैला परत बसली. दिराच्या कांदाचाळीत कांदे निवडत कोन काढायची म्हणं. अन् या टायमाला समदं पुस्तक केलं, काय बी सोडलं नाय. आता सटाण्याकडं डाळिंबाच्या पॅकिंगला हाय. क्यूसी. कोट नवा शिवलाय, तिच्या मापाचा." मावशी पुढे सरकल्या. "ऐक, निरोप राहिला. जुलैचा निकाल बघायला बसली तवा त्या मशीननं आईचं नाव इचारलं. तवा तिला तुझी आठवण झाली. म्हणली, भाऊला म्या हे दिलंच नाय, पोरगं कुठं कुठं शोधत बसलं असंल. यमुना. आईचं नाव यमुना."

"बरं," मी म्हटलं. 

"अन् म्हणली, त्याला सांग, कोन काट्यावर भरायचे. मार्क जास्त भरायचे. मार्क वाटेत सुकतात."

केबिनमधून वडील ओरडले, "काय म्हणताहेत मावशी? किती पडले?"

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी आकडा सांगितला. मी मागच्या सगळ्या बायांवरून, इंजिनाच्या आवाजावरून, जितकं मोठ्याने ओरडता येईल तितकं ओरडलो.

"एक्केचाळीस शे!"